चष्मा मागवून घेणाऱ्या वकीलताईंना

आदरणीय वकीलताई,
स. न. वि. वि.

माझे प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे गोदामातील माल कमी का भरला, याविषयी मी येथे काहीही लिहिणार नाही. जे सांगायचे ते न्यायालयातच सांगेन. हे पत्र केवळ आपले आभार मानण्यासाठी आहे, आणि माझी बदनामी चारचौघांत झाली असल्यामुळे आभारही चारचौघांतच मानावेत, असे मला वाटले.

‘जरा चौकशीसाठी या’ एवढाच निरोप देऊन मला पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले, रात्रभर बाकावर बसवून ठेवण्यात आले, घरी फोन करू दिला नाही, आणि अटकेची नोंद मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची झाली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीस देऊन बोलवावे, अटक करायचीच तर तिची गरज लेखी नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही तेच आहे, हे मला आपल्याकडून कळले. ठाण्यातील अधिकाऱ्यांना ते ठाऊक नसेल, असे मात्र मी मानत नाही. ज्या वकिलांना घरच्यांनी दागिना गहाण ठेवून आगाऊ फी दिली होती, ते रिमांडच्या वेळी ‘दुसऱ्या कोर्टात’ अडकले होते. ते अद्याप तेथेच असावेत.

आपण आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयातून आलात. कोठडीतील माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळावा, अशी तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. तरीही ‘फुकटचा वकील’ म्हणून एक अंमलदार हसले होते. आपण तिकडे लक्षही दिले नाही. गुन्हा केला की नाही, हे न विचारता आपण मला पहिला प्रश्न विचारलात, “अटकेची कारणे वाचलीत का?” मी म्हणालो, “सही केली आहे.” आपण म्हणालात, “सहीचे विचारत नाही. वाचलीत का?”

कोठडीत टाकताना पट्टा आणि पाकिटाबरोबर माझा चष्माही काढून घेण्यात आला होता, आणि चष्म्याशिवाय मला कागदावरचे एक अक्षर लागत नाही. आपण तपासी अंमलदारांकडे वळून, आवाज जराही न चढवता, “यांचा चष्मा आणून द्या, तोवर मी थांबते,” असे सांगितलेत, न्यायालयाला विनंती करून आमचा पुकारा मागे ठेवून घेतलात आणि खरोखरच थांबलात. चष्मा आला तेव्हा त्याची एक काडी वाकलेली होती. तो एका हाताने धरून मी ओळीवर बोट ठेवत वाचू लागलो, आणि मी गुन्हा कबूल केल्याचे वाक्य त्यात निघाले. असे मी कोणापाशीही म्हटलेले नव्हते. त्या वाक्याखाली आपण पेन्सिलीने रेघ ओढलीत. पुढे युक्तिवादात आपण ती रेघही मांडलीत आणि बाकावरची रात्रही. माणसाची मोकळीक संपते तेव्हाच अटक सुरू होते, कागदावर लिहिलेल्या वेळेला नव्हे, हे आपले म्हणणे मला शब्दशः आठवते. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, नाकारला गेला, आणि जामीनही यथावकाश झाला.

अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवले, ते मुंबईतील एका मोटार अपघाताच्या प्रकरणात. त्या आरोपीविषयी लोकांत, आणि आमच्या घरातही, केवढा संताप होता. पण त्याच्या खटल्यातून निघालेला हक्क माझ्यासारख्या गोदामातल्या कारकुनाच्याही वाट्याला आला. आपल्यासारखी माणसे समोरचा कोण आहे हे पाहून सौजन्य बेतत नाहीत, म्हणून व्यवस्थेचा थोडाफार तरी भरवसा वाटतो. माझे छायाचित्र ‘गोदामचोर’ म्हणून गावभर फिरवणाऱ्यांकडून मला तेवढीही अपेक्षा नव्हती.

एक विचारायचे राहिले. त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या उत्तर प्रदेशातील मुलाच्या हातात मराठीतला कागद होता आणि त्याला मराठी वाचता येत नव्हते. आपण तो कागद मागून घेताना मी पाहिले, तेवढ्यात मला बाहेर नेले. त्याला हिंदीत प्रत मिळाली का, हे सवडीने जरूर कळवावे.

आपला कृतज्ञ,
एक पक्षकार