दिवाळखोरीच्या बातमीत प्रकरण क्रमांक छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादी बांधकाम कंपनी किंवा कारखाना एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणात गेल्याची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते. कंपनीचे नाव, बँकेच्या थकबाकीचा आकडा, संचालकांची बाजू असे सगळे तिच्यात असते. प्रकरण क्रमांक मात्र नसतो, खंडपीठ कोणते ते नसते आणि दावा दाखल करण्याची शेवटची तारीखही नसते. ज्यांचे पैसे त्या कंपनीत अडकले आहेत त्यांना नेमके हेच हवे असते. मी बँकेतून निवृत्त झालो असून ओळखीपाळखीच्या लोकांना हे कागद शोधून देण्यात, समजावून सांगण्यात माझा बराच वेळ जातो. त्या अनुभवातून ही विनंती करतो आहे.

नादारी व दिवाळखोरी संहिता 2016 साली आली. तिच्याखालच्या नोंदी गोपनीय नाहीत. न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने प्रकरण शोधता येते. रोजची कॉज लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी, आणि आदेशही तिथे मिळतात. भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर कंपनीनिहाय जाहीर सूचना असतात. इतके सगळे उघड असूनही ते सामान्य माणसाच्या हाती लागत नाही, कारण शोधायचे कुठे हेच त्याला ठाऊक नसते.

पहिली अडचण खंडपीठाची. प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे चालणार हे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते. इमारत कुठे उभी राहते आहे किंवा कारखाना कुठे आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. पुण्यात घरे विकणाऱ्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत असेल तर प्रकरण दिल्लीत चालते आणि मुंबई खंडपीठाच्या यादीत ग्राहकाने कितीही शोधले तरी त्याला काही सापडत नाही. म्हणून आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा सीआयएन, म्हणजे कंपनी ओळख क्रमांक, काढावा. या 21 अक्षरी क्रमांकात राज्याचे संकेताक्षर आणि स्थापनेचे वर्ष असते. कंपनीने मध्येच नाव बदलले असेल तर तेही तिथेच कळते. जुन्या नावाने शोधत बसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसरे असे की प्रकल्पाच्या फलकावरचे नाव आणि करारनाम्यावरच्या कंपनीचे नाव बहुधा वेगळे असते. शोध करारनाम्यावरच्या नावाने घ्यायचा.

दुसरी अडचण जाहीर सूचनेची, आणि इथे वृत्तपत्रांचा थेट संबंध येतो. न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की हंगामी निराकरण व्यावसायिक, म्हणजे कंपनीचा कारभार हाती घेऊन येणे असलेल्यांचे दावे गोळा करणारा माणूस, नेमला जातो. नेमणुकीपासून तीन दिवसांच्या आत त्याने 'नमुना अ'मधली सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यायची असते. ती कंपनीचे नोंदणीकृत व मुख्य कार्यालय असेल त्या ठिकाणी प्रसिद्ध होते. इतरत्र कंपनीचा मोठा कारभार आहे असे व्यावसायिकाला वाटले, तर तिथेही. म्हणजे दिल्लीत नोंदलेल्या कंपनीची सूचना पुण्याच्या ग्राहकाच्या नजरेस पडेल की नाही, हे एका माणसाच्या मतावर अवलंबून राहते. आणि समजा ती त्याच्याच घरी येणाऱ्या दैनिकात छापून आली, तरी आतल्या पानावर, बारीक टायपात, जमिनीच्या नोटिसांच्या गर्दीत. मराठीही अशी की इंग्रजी मजकूर शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही.

त्या सूचनेत काय असते? कंपनीचा सीआयएन, प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, व्यावसायिकाचे नाव, पत्ता व ईमेल आणि दाव्याची शेवटची तारीख. ही तारीख व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून 14 दिवसांची असते. ती चुकली तरी लगेच सगळे संपत नाही. प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवस किंवा निराकरण योजना (कंपनी कोण घेणार आणि कोणाला किती देणार याचा प्रस्ताव) मागवण्याचा दिवस, यांपैकी जे नंतर येईल तोवर दावा देता येतो. त्यानंतर मात्र उशीर माफ करण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जावे लागते. दाव्याचे नमुनेही वेगवेगळे आहेत. माल पुरवणाऱ्याने 'ब', बँकेसारख्या वित्तीय धनकोने म्हणजे कर्ज देणाऱ्याने 'क', घर घेणाऱ्याने 'क-अ', कामगार-कर्मचाऱ्याने 'ड'. इंग्रजीत ही बी, सी, सीए आणि डी अशी अक्षरे आहेत.

तारीख चुकण्याची किंमत केवढी असते ते एकदा नीट छापून यायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले की निराकरण योजना मंजूर झाली की योजनेत नसलेले जुने दावे संपुष्टात येतात. पुरवठादाराकडे बिले आहेत, पोचपावत्या आहेत, कंपनीने थकबाकी मान्य केल्याची पत्रेही आहेत. पण दावा दिला नसेल तर नव्या मालकाकडून एक रुपयाही मागता येत नाही. माझ्या माहितीतल्या एका लहान पुरवठादाराचे असेच झाले. कंपनीचे लोक फोनवर 'पेमेंट होईल' म्हणत राहिले आणि तेवढ्यात योजना मंजूर झाली. बातमी त्याने वाचली होती. त्या बातमीत तारीख नव्हती.

आदेश वाचायला घेताना लोक बिचकतात, कारण तो इंग्रजीत आणि अनेक पानांचा असतो. खरे तर थोडक्या जागा पाहिल्या तरी काम भागते. पहिल्या पानावर कलम दिलेले असते. कलम 7 म्हणजे अर्ज बँकेसारख्या वित्तीय धनकोचा, कलम 9 म्हणजे पुरवठादार किंवा सेवा देणाऱ्याचा आणि कलम 10 म्हणजे कंपनी स्वतःच आली आहे. मधल्या पानांतला युक्तिवाद सोडून थेट शेवटाकडे जावे. अर्ज दाखल करून घेतला की फेटाळला, वसुलीला स्थगिती कोणत्या तारखेपासून आणि व्यावसायिक कोण, हे तिथे लिहिलेले असते. ही स्थगिती कलम 14 खाली येते आणि तिच्यामुळे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, वसुली आदेशाची अंमलबजावणीही थांबते. महारेराचा निकाल हातात आहे म्हणून घरग्राहक निश्चिंत राहतो, पण त्यानेही दावा द्यायलाच हवा. घरग्राहकांना 2018 च्या दुरुस्तीने वित्तीय धनकोचे स्थान मिळाले आहे आणि महारेराचा आदेश असलेल्या ग्राहकाचे ते स्थान जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले आहे.

आदेश सापडला म्हणजे शोध संपला असेही नाही. अर्ज दाखल झाला याचा अर्थ कंपनी बंद झाली असा नव्हे. धनको समितीत 90 टक्के मते अनुकूल असतील तर प्रकरण मागेही घेता येते. अपील प्राधिकरणाने प्रक्रियेलाच स्थगिती दिलेली असू शकते. म्हणून मूळ प्रकरणासोबत त्यातले 'आय.ए.' म्हणजे अंतरिम अर्जही पाहावेत आणि आदेशाची तारीख आधी बघावी. समाजमाध्यमांवर तीन-चार वर्षांपूर्वीचे आदेश कालचे म्हणून फिरतात आणि चालू प्रकल्पांतले लोक हप्ते थांबवून बसतात. धनकोंची यादीही प्रसिद्ध होते. आपला दावा किती रकमेचा मान्य झाला, हे तिच्यात तपासता येते. अपील करायचे तर मुदत 30 दिवसांची, पुरेसे कारण दाखवले तर आणखी 15. ही मुदत आदेश जाहीर झाल्या दिवसापासून मोजली जाते. संकेतस्थळावर आदेश उशिरा आला, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच नाकारली आहे.

व्यक्तींच्या नादारीची वाट वेगळी. संहितेतील त्याविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. इतरांसाठी मुंबई शहरात 1909 चा कायदा आणि उच्च न्यायालय, जिल्ह्यांत 1920 चा कायदा आणि जिल्ह्याचे न्यायालय. जिल्ह्यातील प्रकरणे न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नावाने शोधता येतात.

महारेराने 2023 साली दिवाळखोरी प्रक्रियेत अडकलेल्या 308 गृहप्रकल्पांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक ग्राहकांना आपला प्रकल्प त्यात आहे हे प्रथमच समजले. ती यादी महारेराने न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच जमवली होती. जे एका सरकारी संस्थेला जमले ते वृत्तपत्राला का जमू नये?

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे. अशा प्रत्येक बातमीखाली चौकटीत प्रकरण क्रमांक, खंडपीठ, व्यावसायिकाचे नाव व ईमेल आणि दाव्याची शेवटची तारीख द्यावी. आणि आठवड्यातून एकदा मंडळाच्या संकेतस्थळावरच्या नव्या सूचनांतून महाराष्ट्राशी संबंधित कंपन्या निवडून त्यांची यादी साध्या मराठीत छापावी. नोंदणी परराज्यातली पण प्रकल्प इथला असेल तर तीही कंपनी यादीत यावी, कारण तिच्या ग्राहकांपर्यंत सूचना पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी असते. मुदत 14 दिवसांची आहे, तेव्हा महिन्यातून एकदा छापून उपयोग होणार नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी