आबा, तुमचे आभार

आदरणीय आबा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या सातारा जिल्ह्यात गावोगावी तुमच्यासारखे निवृत्त नौसैनिक आहेत, आणि त्यांच्याजवळ बसून कुणी काही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नौदल दिनाला नववीच्या मुलांसमोर व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्यावर बोलायचं ठरलं होतं. निवृत्तीनंतर ते आपल्या फलटण तालुक्यात, विंचुर्णीला राहिले. मी टिपण काढलं होतं: जन्म १९२७, सुरत. १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्ता’चे कप्तान, वीरचक्र. पुढे पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख, १९८३ मध्ये निवृत्त. तुम्ही कागद वाचलात आणि म्हणालात, “बाई, यात समुद्र कुठंय?”

मग तुम्ही जे सांगितलंत, त्यानं त्या टिपणात जीव आला. कामोर्ता हे पाणबुड्यांचा माग काढणारं लहान जहाज. पूर्वेकडच्या ताफ्यात मुख्य होती ती विमानवाहू ‘विक्रांत’, आणि तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला. विमान उडवायचं तर अशा जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर वेगानं धावावं लागतं, आणि हिचा वेगच मर्यादित! त्यात तिच्या मागावर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी निघालेली. अशा वेळी सोबतच्या लहान जहाजांवर ‘सोनार’पाशी, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रापाशी, कान देऊन बसलेल्या पोरांवर केवढा भार असेल, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. वीरचक्र कप्तानाच्या छातीवर लागतं, पण ते अख्ख्या जहाजाचं असतं, हे वाक्य मी मुलांना तुमच्या नावानं सांगितलं.

आणि निवृत्तीवर थांबू नका, खरी गोष्ट तिथूनच पुढं आहे, हा तुमचा हट्ट! तो धरलात म्हणून मनापासून आभार. वयाच्या ऐंशीच्या घरात असताना आवटीसाहेबांनी ध्यास घेतला होता की एखाद्या भारतीयानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलातले पाणबुडे (डायव्हर), कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ ही बोट बांधली. ऑगस्ट २००९ मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले.

वर्गात तुम्ही पृथ्वीगोलावर लाल लोकर गुंडाळून तो मार्ग दाखवलात, ते मी विसरणार नाही. आधी अंटार्क्टिकाजवळून छोटासा फेर घेतलात आणि विचारलंत, “झाली का प्रदक्षिणा?” मुलं हो म्हणाली. मग तुम्ही नियम सांगितले. विषुववृत्त ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, कालव्यातून जायचं नाही आणि किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा कुठून आला, हे तुम्ही मुलांकडूनच काढून घेतलंत: ३६० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटं, आणि विषुववृत्तावर एका मिनिटाला साधारण एक सागरी मैल. भूगोलाच्या तासाला अक्षांश-रेखांश घोकणारी पोरं फळ्याकडे धावली! दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नपाशी लोकर टाचणीनं टोचताना तुमचा हात क्षणभर थांबला, तेही त्यांनी टिपलं.

दोंदेंच्या किनाऱ्यावरच्या मदतीला असलेले अभिलाष टॉमी पुढे २०१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं फिरून आले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. मे २०१८ मध्ये त्या गोव्याला परतल्या, त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आवटीसाहेब विंचुर्णीत गेले. त्यांना हे पाहायला मिळालं, याचं मला फार समाधान वाटतं.

तारिणीचं ऐकल्यापासून वर्गातल्या एका मुलीनं माझ्यामागे लकडा लावलाय. नौदलात जायचं तर गणित किती लागतं, पोहता येत नसेल तर चालतं का, एक ना दोन. तिला रविवारी सकाळी तुमच्याकडे पाठवतेय. वडीलही बरोबर येणार आहेत, त्यांचीच समजूत जास्त घालावी लागेल. तेवढं कराच, आबा.

आपली नम्र,
शाळेतल्या इतिहासाच्या बाई