प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यातल्या दोन बोटांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, अशी तंबी आपण दिली आहे, म्हणून हे जाहीर पत्र बिननावी लिहीत आहे. पण नाटकाच्या तिकीटखिडकीमागे हयात काढलेला आणि अभिनेत्री भक्ती बर्वे यांच्या नाटकांच्या जाहिराती कापून चार वह्यांत चिकटवून ठेवणारा माणूस दुसरा कुणी असेल असे वाटत नाही, तेव्हा ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच. भक्तीताईंवरचे आमचे प्रदर्शन रविवारी संपले. समारोपाला आभार मानायला मी उभी राहिले आणि घशातून शब्दच फुटेना; तीस वर्षे वर्गात बोलून पोट भरलेल्या बाईची ही अवस्था झाली, म्हणून आता कागदाचा आधार घेते.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार अपघातात भक्तीताई गेल्या, तेव्हा त्या अवघ्या बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांची कारकीर्द आमच्या वाचनालयाच्या छोट्या दालनात मांडावी, एवढीच माझी इच्छा होती. आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी मी किती उंबरे झिजवले, ते आपण विचारले नाहीत आणि मीही सांगितले नाही. एका संस्थेने तीन हेलपाटे घालायला लावल्यावर जुने कागद जागा बदलताना रद्दीत गेल्याचे सांगितले. एका संग्राहकाने छायाचित्रे लांबूनच दाखवली आणि लगेच भाव सांगितला. आणि एका तरुण अधिकाऱ्याने ‘जाने भी दो यारो’मधल्या त्या का, मग नेटवर सगळे आहे की, असे म्हणून माझी बोळवण केली. १९८३च्या त्या चित्रपटातली ‘खबरदार’ची संपादिका शोभा लोकांना आठवते याचा मला आनंदच आहे, परंतु जिने ‘ती फुलराणी’चे हजारावर प्रयोग केले तिची ओळख एका चित्रपटापाशी थांबावी, याचा राग अजून ओसरलेला नाही. नाटकातले काम पडदा पडला की विरून जाते. मागे उरते ती वर्तमानपत्रातली बोटभर जाहिरात, आणि तीही दुसऱ्या दिवशी पुडी बांधायला जाते.

आपण ती जाऊ दिली नाहीत. सांगलीत १९४८ मध्ये झालेला जन्म, सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर घेतलेले धडे, आकाशवाणी आणि मुंबई दूरदर्शन हे सारे मी पुस्तकांतून गोळा करू शकले होते. परंतु १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेली ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आली, तेव्हा नेमके काय घडले, हे मला आपल्या एका वाक्याने कळले. आपण म्हणालात, “संध्याकाळी दूरदर्शनवर स्वच्छ मराठीत बातम्या सांगणारी बाई रात्री मंजुळा होऊन तीच भाषा मोडून दाखवायची, लोक निम्मे त्यासाठी यायचे.” सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक जिला शुद्ध बोलायला शिकवतो, ती फुलवाली प्रत्यक्षात त्या काळच्या महाराष्ट्राला शुद्ध उच्चार ऐकवत होती, ही गंमत इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आली नव्हती. मंजुळेचे ते स्वगत मी शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकले आहे आणि त्यातल्या बहुतेक मुलींनी ते भक्तीताईंची नक्कल करणाऱ्या कुणाची तरी नक्कल करून पाठ केलेले असते, हेही मला ठाऊक आहे. मुळातली बाई मात्र आपल्या वहीतल्या पेन्सिलीच्या टिपणांत जास्त जिवंत सापडली: ‘प्लॅन दीड तासात संपला’, ‘पाऊस, बाल्कनी निम्मी’, ‘हाऊसफुल्ल, बोर्ड दुपारीच लावला’.

पुढच्या वह्यांत ‘आई रिटायर होतेय’ आहे, ‘गांधी विरुद्ध गांधी’मधल्या कस्तुरबा आहेत. मंजुळेच्या आवाजावर लुब्ध झालेल्या प्रेक्षकाला कस्तुरबांच्या मौनापाशी आणून बसवणे सोपे नव्हते, आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत मोठे काम. १९९०चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, दूरदर्शनवरच्या बहिणाबाई, १९९६ मध्ये पती शफी इनामदार यांचे अचानक जाणे, आणि अखेरीस ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम, हे सगळे आम्ही त्याच क्रमाने मांडले.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, तिच्याकडे येते. वह्या कुरिअरने पाठवणार नाही, असे सांगून आपण डोंबिवलीहून लोकलने त्या मांडीवर घेऊन आलात. खळीने चिकटवलेली कात्रणे आकसून पानांच्या कडा वर वळल्या होत्या आणि छायाचित्रे काढण्यासाठी वर काच ठेवली असती तर कागद मोडला असता. मी काही बोलण्याआधीच आपण पानाचा कोपरा दोन बोटांनी अलगद दाबून धरलात, आणि अकरापासून चारपर्यंत पानामागून पान तसेच धरून बसलात. चहासुद्धा डाव्या हाताने घेतलात. अशी माणसे आपल्या आसपास असतात, पण त्यांच्याकडे शिक्का नसतो, लेटरहेड नसते, त्यामुळे आपण आधी भलत्याच दारांत ताटकळतो. सभ्यता ही बहुधा अशीच बिनबोभाट असते आणि तिची किंमत कळायला आधी तीन हेलपाटे घालावे लागतात.

छपाईवाल्याने छायाचित्रे पाहून, “बोटे उडवतो, दोन मिनिटांचे काम आहे,” असे सांगितले. मी नको म्हटले. प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात ती तशीच राहिली. सहावीतल्या एका मुलाने ती कुणाची म्हणून विचारले, तेव्हा तिकीटखिडकीतल्या काकांची, असे सांगितले. एवढ्याने तंबी मोडली असेल तर क्षमा असावी.

तिसऱ्या वहीतली ‘आई रिटायर होतेय’ची एक जाहिरात सुटली आहे. ती बटरपेपरात ठेवली आहे, गोंद लावलेला नाही. येत्या रविवारी वह्या घेऊन येते; खळ मात्र आपणच करून ठेवावी.

आपली कृतज्ञ,
वाचनालयातली बाई