वय तपासा, पण नावाची वही ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रौढांसाठीची संकेतस्थळे उघडण्यापूर्वी पाहणाऱ्याचे वय सरकारमान्य पद्धतीने तपासले जावे, ही मागणी आता आपल्याकडेही जोर धरू लागली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन अश्लील मजकुराविषयीच्या सुनावणीत आधार कार्डाच्या साहाय्याने वय पडताळण्याचा विचार खुद्द सरन्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयात बोलून दाखवला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती काय पडते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या मागणीमागची कळकळ समजावून सांगावी लागत नाही; माझीही ती कळकळ आहे. परंतु वय तपासण्याच्या नावाखाली माणसाची ओळख कुठेतरी नोंदली जाणार असेल तर त्याचे परिणाम काय होतात, हे मी स्वतःच्या दुकानात पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

शहादा येथे २००३ पासून सुमारे चौदा वर्षे मी सायबर कॅफे चालवला. २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र पाहायचे, नाव, पत्ता, बसण्याची व उठण्याची वेळ नोंदवहीत लिहायची, कोणती संकेतस्थळे पाहिली गेली त्याचा तपशील आणि ही नोंदवही किमान एक वर्ष जपून ठेवायची, केबिनच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच ठेवायच्या नाहीत, अल्पवयीन मुलाला पालकांशिवाय केबिनमध्ये बसू द्यायचे नाही, असे ते नियम होते. फळ्या मी लगेच कापून घेतल्या आणि त्याचा खरोखर उपयोग झाला. उघड्यावर बसावे लागते म्हटल्यावर शाळकरी मुले आपोआप कमी झाली. वहीचे मात्र वेगळेच झाले.

एके दिवशी ओळखीचे एक प्रतिष्ठित गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या नात्यातील मुलीचे लग्न ठरत होते आणि मुलगा माझ्याकडे नेहमी येत असे. "भाऊ, दोन मिनिटं वही पाहू द्या, बाकी काही नको," एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी नकार दिला. काही आठवड्यांनी कळले की मी दुपारी जेवायला घरी गेलो असताना माझ्या कामावरच्या मुलाने ती वही त्यांना दाखवली होती. वहीत संकेतस्थळांची नावे नव्हतीच, तो तपशील संगणकात असे. वहीत होती फक्त रात्री साडेआठ ते दहा अशी वेळ, आठवड्यातून तीनदा. तेवढ्यावरून लोकांनी हवे ते ठरवले आणि सोयरीक मोडली. तो मुलगा त्या काळात स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरत असे, हे मी दहा जणांना सांगितले, पण त्याला फार उशीर झाला होता. ती वही ठेवणे ही माझी कायदेशीर जबाबदारी होती आणि ती सांभाळण्यात मी कमी पडलो, याची खंत मला आजही आहे.

खान्देशाने हे दुखणे याहून फार मोठ्या प्रमाणात भोगले आहे. १९९४ मध्ये जळगावचे लैंगिक शोषणाचे जे प्रकरण उघडकीस आले, त्यात छायाचित्रांचा धाक दाखवून मुलींना गप्प बसवल्याचे आरोप होते. ज्यांच्या घरात त्या काळी वयात आलेल्या मुली होत्या त्यांना ती दहशत आठवत असेल. लाजेची गोष्ट कुणाच्या तरी ताब्यात कागदावर किंवा फोटोत असणे हेच इथे शस्त्र होते, आणि ज्याच्या हाती ते पडते तो ते वापरतो.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना कडक वयपडताळणी बंधनकारक झाली असून, नियम मोडणाऱ्या कंपनीला १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातील उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. तेथे पडताळणीसाठी ओळखपत्राचा फोटो, क्रेडिट कार्ड, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून वयाचा अंदाज घेणे असे अनेक मार्ग ठेवले आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या संवादमंचाने जाहीर केले की, वयासंबंधीच्या तक्रारींसाठी लोकांनी पाठवलेल्या सरकारी ओळखपत्रांचे सुमारे ७० हजार फोटो एका बाहेरच्या सेवा कंपनीमार्फत चोरीला गेले असण्याची शक्यता आहे. डिस्कॉर्ड हे काही प्रौढांचे संकेतस्थळ नव्हे. तेथे चेहरा, नाव अशी ओळखीची माहिती गेली. हीच गळती अश्लील संकेतस्थळाच्या दाराशी झाली, तर चेहरा, नाव आणि त्या माणसाची खासगी आवड असे तिन्ही एकत्र बाहेर पडेल. आपल्या गावात त्या एका यादीवर किती संसार आणि किती मुलींची लग्ने अडतील, याची कल्पना मला करवत नाही.

आता आधारविषयी. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच भागात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले. कॅफे बंद झाल्यापासून मी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान चालवतो, त्यामुळे आधारशी माझा रोजचा संबंध आहे, आणि आधार व ओटीपीच्या जोरावर मुले अडवली जातील यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्याकडे अनेक घरांत एकच चांगला फोन असतो, सिम वडिलांच्या नावावर असते आणि वडिलांचे आधार त्याच क्रमांकाशी जोडलेले असते. वडील शेतात किंवा ऊसतोडीला, अक्कलकुवा-धडगावकडचे असतील तर गुजरातेत मजुरीला. फोन घरी, अभ्यासासाठी म्हणून मुलाच्या हातात. ओटीपी येणार तो त्याच फोनवर. म्हणजे मुलगा दोन सेकंदांत आत जाईल आणि नोंद मात्र बापाच्या नावावर पडेल. उलट, ज्या बाईचा स्वतःचा फोन नाही, जिचा आधारला जोडलेला क्रमांक कधीच बंद पडला आहे, ती पन्नास वर्षांची असूनही आपले वय सिद्ध करू शकणार नाही. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहिली अशी एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. आधारवरील तारीख हा वयाचा निर्णायक पुरावा नव्हे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख अधिक ग्राह्य धरावी, असे सर्वोच्च न्यायालयानेच ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटले आहे.

आणखी एक अडचण आहे व तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आपल्या देशात अशी अनेक संकेतस्थळे कागदोपत्री बंदच आहेत. २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच तो बराचसा मागे घेतला गेला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ संकेतस्थळे रोखली गेली. त्यांतील काही थोड्याच दिवसांत किरकोळ बदललेल्या नावाने परत आली. जे संकेतस्थळ सरकारने स्वतः रोखले आहे, त्याला ‘वय तपासून आत घ्या’ असे सरकार कोणत्या तोंडाने सांगणार? जे ऐकणारच नाहीत ते परदेशातून चालतात, आणि आपण कोणत्या देशातून पाहतो हे लपवून अशी बंदी चुकवणारे व्हीपीएनचे फुकट ॲप आठवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये कायदा लागू होताच अशा ॲपची मागणी एकदम वाढली, यात नवल नाही. शिवाय मुलांपर्यंत हे बहुतेक वेळा संकेतस्थळावरून येतच नाही, ते व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांतून येते. अमेरिकेत लुइझियानापासून टेक्सासपर्यंतच्या कायद्यांत एकतृतीयांशाहून अधिक मजकूर प्रौढांसाठीचा असेल तरच वयपडताळणी बंधनकारक आहे. गटांमध्ये फिरणाऱ्या चित्रफिती अशा कसोटीत सापडणार कशा?

तरीही पडताळणी नकोच, असे माझे म्हणणे नाही. साडेचार फुटांच्या फळीने काम केले होते, हे मी वर सांगितलेच. सिनेमागृहाच्या दारावरचा माणूस प्रौढांच्या चित्रपटाला मुलाला आत सोडत नाही. पण आत गेलेल्या मोठ्या माणसाचे नाव तो कुठे लिहून ठेवत नाही. संगणकाच्या जगातही हे करता येते. फ्रान्समध्ये नियामक संस्थेने जी ‘दुहेरी अनामिकते’ची अट घातली आहे तिचा अर्थ एवढाच, की वयाचा दाखला देणाऱ्याला तो कोणत्या संकेतस्थळासाठी वापरला जाणार आहे हे कळू नये आणि संकेतस्थळाला दाखला कोणाचा आहे हे कळू नये, पलीकडे पोहोचते ते फक्त ‘अठरा पूर्ण’ किंवा ‘नाही’ हे उत्तर. युरोपीय संघही याच धर्तीचे ॲप तयार करून पाहत आहे. टेक्सासच्या कायद्यात तर ओळखीची माहिती साठवून ठेवणाऱ्याला वेगळा दंड आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. पण माहिती हाताळणाऱ्यांवरील मुख्य बंधने नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्या बंधनांआधीच ओळखपत्रे गोळा करण्याची सक्ती झाली, तर कुंपण घालण्यापूर्वी पीक उभे केल्यासारखे होईल.

म्हणून माझी विनंती अशी, की वयपडताळणीचा कोणताही नियम करताना आधार क्रमांक, चेहऱ्याचा फोटो किंवा मोबाइल क्रमांक संकेतस्थळाकडे अथवा मधल्या कंपनीकडे जाऊच नये, अशी सोय आधी करावी व पडताळणीची नोंद एक दिवसही ठेवू नये. मुलाच्या हाती दिलेल्या फोनवर पालकांना पिन टाकून हा मजकूर बंद करता यावा, आणि ती सोय फोन विकतानाच, मराठीतून, दुकानदाराने लावून द्यावी. ही सोय बहुतेक फोनमध्ये आजही आहे, पण माझ्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या पाच पालकांनाही ती माहीत नसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या अश्लील चित्रफितींविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. आमच्या आश्रमशाळांत आणि तालुक्याच्या शाळांत ते कधी सुरू होणार, हेही सरकारने सांगावे.

नंदुरबार, धुळे, जळगाव आणि रावेर या आपल्या चारही मतदारसंघांतील खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, आणि नियमाचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीतही प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी, असा आग्रह धरावा.

आपला विश्वासू,
एक माजी सायबर कॅफेचालक,
शहादा, जि. नंदुरबार