शेजाऱ्याच्या साक्षीवर मिळणारे मत

महोदय,

'तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते', असे कोणी म्हणाले की मला अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची १९९८ची गव्हर्नरपदाची निवडणूक आठवते. रिपब्लिकनांचे नॉर्म कोलमन सेंट पॉलचे महापौर, डेमोक्रॅट स्किप हम्फ्री माजी उपराष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. तिसरे रिफॉर्म पार्टीचे जेसी व्हेंचुरा, एकेकाळचे व्यावसायिक कुस्तीगीर. व्हेंचुरांना सुमारे ३७ टक्के मते मिळाली, कोलमनना ३४, हम्फ्रींना २८. (६३ टक्के मतदारांनी व्हेंचुरांना मत दिले नव्हते, हेही खरेच.)

बहुतेक जण या विजयाचे श्रेय त्यांच्या प्रसिद्धीला देतात. मला तिथल्या नियमांचे अप्रूप वाटते. जाहीर वादविवादात तिघांनाही उभे राहता आले. शिवाय मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नाव नोंदवता येते. पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच भागातला नोंदणीकृत मतदार शपथेवर सांगतो, ही व्यक्ती इथेच राहते. लगेच मतपत्रिका हातात! त्या दिवशी हजारो लोकांनी अशी ऐनवेळी नोंदणी केली.

गेल्या खेपेला माझ्या आईचे नाव यादीतून गायब होते. भर उन्हात रांगेत उभी राहून ती हातातली चिठ्ठी चुरगाळत परत आली. मागेच उभे असलेले शेजारी तिला चाळीस वर्षे ओळखतात, पण त्यांना कोणी विचारलेच नाही. बोगस मतदानाची भीती मला समजते. तरीही शपथेवरच्या अशा साक्षीचा विचार निवडणूक आयोगाने जरूर करावा.

– एक वाचक, पुणे