शेजारच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

वायव्य न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांनाही उपयोग व्हावा, म्हणून आपले आभार जाहीरपणे मानत आहे.

ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी आईने पक्ष्यांसाठी टांगलेल्या सूर्यफुलाच्या बियांपाशी काळे अस्वल मागच्या पायांवर उभे होते आणि जेमतेम वीस पावलांवर आई, हातात चहाचा कप तसाच धरून, थिजली होती. "वहिनी, पळू नका, पाठ फिरवू नका, मोठ्याने बोलत हळूहळू मागे या," असे सांगत आपण कुंपणापलीकडून पातेले बडवत राहिलात. अस्वलाने दोनदा फुत्कार टाकला आणि ते झाडीत निघून गेले.

आई बुलढाण्याची आहे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरातल्या माणसाला अस्वल म्हटले की एकदम अंगावर येऊन तोंड ओरबाडणारे जनावर आठवते, त्यामुळे ती रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी आपण तिच्याजवळ तासभर बसलात. इथले काळे अस्वल सहसा माणसाला टाळते, ते उभे राहते ते वास घ्यायला आणि नीट पाहायला, ते सहज झाडावर चढत असल्याने झाडाचा आसरा उपयोगाचा नाही, आणि त्याने खरोखरच हल्ला केला तर मेल्याचे सोंग न घेता हाती येईल त्याने प्रतिकार करायचा, हे आपण तिला तिच्या भाषेत समजावलेत. ते माझ्याच्याने झाले नसते.

चूक आमचीच होती. हिवाळ्यापूर्वी चरबी साठवण्यासाठी अस्वल अखंड खात असते, हे मला ठाऊकच नव्हते. इथे काळ्या अस्वलाला खाऊ घालणे कायद्याने मना आहे. आम्ही नकळत तेच करत होतो. परंतु पाखरांना दाणे घालणे हा आईचा नेम, आणि तो मोडायला तिचे मन धजत नव्हते. दाणे भर थंडीत, अस्वले गुहेत गेल्यावर घाला, तोवर पाणी ठेवा, असे म्हणून आपण आपल्या बागेतले दगडी पसरट भांडे तिला आणून दिलेत. कचऱ्याचा डबाही आता आम्ही आदल्या रात्री बाहेर न ठेवता गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच काढतो.

आई आता बुलढाण्याला परतली आहे. दर रविवारी फोनवर ती आधी आपली खुशाली विचारते आणि मग भांड्यातले पाणी बदलले का, ते.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ शेजारी