ताप अंगात, माणूस कार्यालयात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वाइन फ्लूचे आकडे आपल्या दैनिकात सध्या रोज येत आहेत. किती दाखल, किती अतिदक्षता विभागात, किती दगावले. ते छापायलाच हवेत. पण दाखल झालेला माणूस त्याआधीचे तीन-चार दिवस कुठे वावरत होता, याबद्दल बातमीत अवाक्षर नसते. साथ पसरते ती बहुतांशी त्याच दिवसांत.

मी एका कार्यालयाच्या आस्थापना विभागात रजेचे अर्ज हाताळते. साथीच्या दिवसांत अर्जांवरच्या तारखा पाहिल्या तरी बरेच काही कळते. आधी एका टेबलावरचा माणूस आजारी पडतो, दोन-तीन दिवसांनी शेजारच्या दोघांचे अर्ज येतात. यात नवल काहीच नाही. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात. लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि नंतर पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुले व प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण त्याहून जास्त दिवस. त्यातही पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. नेमके याच दिवसांत ‘जरा कणकण आहे, गोळी घेतलीय’ असे म्हणत माणूस कामावर येतो. गोळीने ताप उतरतो, विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही.

तो पसरतो कसा, हे सगळ्यांना माहीत आहे असे आपण धरून चालतो. मला तसे वाटत नाही. खोकताना, शिंकताना, बोलतानासुद्धा तोंडावाटे बारीक थेंब उडतात आणि सुमारे सहा फुटांच्या आतल्या माणसाच्या नाकातोंडात जाऊ शकतात. बंद, वातानुकूलित खोलीत, जिथे खिडकी उघडतच नाही, तिथे धोका आणखी वाढतो. दुसरा मार्ग हाताचा. माणूस तळहातावर खोकतो, त्याच हाताने लिफ्टचे बटण दाबतो, हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवतो. स्टील-प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू 24 ते 48 तास तग धरू शकतो. मागून येणारा तिथेच अंगठा टेकवतो आणि जागेवर बसता बसता डोळा चोळतो. काम झाले. म्हणून खोकायचे ते कोपराच्या आत, आणि हात साबणाने धुवायचे. विषाणूवर चरबीचे पातळ आवरण असते, ते साबणाने मोडते. मास्कचेही तेच. दिवसभर मास्क हनुवटीवर आणि शिंक आली की तोही खाली ओढून शिंकणारे महाभाग मी रोज पाहते. त्यांच्यासाठी काय छापावे हे मात्र मला सुचत नाही.

डुकराचे मांस खाल्ल्याने हा आजार होतो का, हा प्रश्न अजून विचारला जातो. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही. डुक्कर, माणूस आणि पक्षी यांच्या फ्लूच्या विषाणूंतील जनुकांची सरमिसळ होऊन एच1एन1 हा स्वाइन फ्लूचा विषाणू तयार झाला, आणि एप्रिल 2009 मध्ये मेक्सिको व अमेरिकेत तो प्रथम ओळखला गेला. तेव्हापासून तो माणसाकडून माणसाकडेच जातो आहे. त्या वेळी इजिप्तने देशातील सगळी डुकरे मारण्याचा हुकूम काढला होता. तिथे तोवर माणसातला एकही रुग्ण आढळला नव्हता! जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 रोजी महासाथ जाहीर केली आणि 10 ऑगस्ट 2010 रोजी ती संपल्याचे सांगितले. विषाणू मात्र राहिला. आता तो हंगामी फ्लूपैकीच एक आहे आणि दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत त्याचा समावेश असतो. त्यामुळे ‘स्वाइन फ्लू परतला’ या मथळ्याला तसा अर्थ नाही.

माझी खरी तक्रार दाखल्याबद्दल आहे. एका दिवसाच्या तापालाही डॉक्टरांचा दाखला लागतो, असा नियम अनेक ठिकाणी आहे. म्हणजे ज्याने घरी पडून राहायचे, त्याला आपणच दवाखान्याच्या गर्दीत तासभर बसवतो, शेजारी एखादी गरोदर बाई, एखादा दम्याचा रुग्ण. ते टाळण्यासाठी पुष्कळ जण तसेच कामावर येतात. रोजंदारीवरच्या माणसाला तर रजाच नाही, त्याला दोष कसा द्यायचा? शाळांतून शंभर टक्के हजेरीला बक्षीस देतात, तेही साथीच्या काळात तरी थांबवावे. गोळी न घेता 24 तास ताप आला नाही, मगच कामावर किंवा शाळेत जावे, हा साधा नियम पुरेसा आहे.

दुसऱ्या टोकाला, सर्दी झाली की तपासणीसाठी धावणारे आहेत. एरवी धडधाकट माणसाला सौम्य लक्षणे असतील, तर अहवालाने उपचारात सहसा काही फरक पडत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, तापाची गोळी. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. मात्र गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, वृद्ध, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी ताप येताच डॉक्टरांना गाठावे. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, त्यासाठी अहवालाची वाट पाहत बसायची नसते.

रोजच्या आकड्यांखाली एवढ्या ओळींना जागा मिळावी, ही विनंती. सोबत धोक्याची लक्षणेही द्यावीत: धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी, ताप उतरून पुन्हा चढणे, लहान मुलांत श्वास जोरजोरात चालणे, दूध-पाणी न घेणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे, तरुण असला तरी. 2009 मध्ये दगावलेल्यांत तरुण आणि मध्यमवयीन मंडळी बरीच होती.

कळावे,
आपली नियमित वाचक